पाव हिस्सा

"तुम्हा दोघींच्या वयात अंतर किती?" डॉ. वैदेही हुंडेकरींनी विचारलं.

"आठ वर्सं," द्वारका म्हणाली. "पण हिला मीच वाढवलीय, बाई. आईबाप कोयता घेऊन अंधारातच फडात जायचे. मागं पाचटाच्या कोपीत मी आन् ही. थंडी लई. एकाच गोधडीत, माझ्या पोटाशी झोपायची ही."

केशर शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. तिच्या उजव्या कानामागे, कातडीखाली, शर्टाच्या बटणाएवढी चकती आदल्याच आठवड्यात बसवली होती. टाके अजून ओले होते.

अंबाजोगाईच्या त्या केंद्रात रोज अशा जोड्या येत. एक व्यसनात सापडलेली बाई, आणि तिच्याबरोबर घरातलं एक माणूस. बहुतेक बाया एकट्याच यायच्या आणि एकट्याच परत जायच्या, कारण घरातलं माणूस मिळतच नसे. केशरला मिळालं होतं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि द्वारकाला समजेल अशा भाषेत सांगायला लागल्या. नशेची ओढ ही मनाची गोष्ट आहे असं आपण म्हणतो. पण ती आधी शरीरात घडते. मेंदूत आतल्या बाजूला एक घडी असते. भूक, तहान, धाप, पोटातला गोळा, या सगळ्यांची खबर तिथे पोहोचते. ओढ उठते तेव्हा ती घडी पेटते. कानामागची चकती तेवढंच ओळखते.

"आणि विझवायचं कसं?" द्वारकाने विचारलं.

"ते तुम्ही करायचं. लहान मूल रडत असतं, आई त्याला छातीशी धरते आणि ते गप्प होतं. तेव्हा आई काही औषध देत नाही. तिचं काळीज संथ चाललेलं असतं, तिचा श्वास संथ असतो, आणि मुलाचं शरीर त्या चालीवर येतं. मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा एक लांब मज्जातंतू आहे, त्याच्यातून हे सगळं घडतं. लहानपणी ज्याच्या कुशीत आपण शांत झालो, त्या माणसाची चाल आपलं शरीर जन्मभर विसरत नाही."

त्यांनी टेबलावरची गळपट्टी उचलली. करड्या रंगाची, मऊ, दोन बोटं रुंद.

"केशरला ओढ आली की तिचा पाव हिस्सा या पट्टीतून तुम्हाला जाणवेल. तुमचं शरीर आधी बावचळेल आणि मग आपणहून निवेल, कारण तुम्हाला व्यसन नाही. ते निवणं ही पट्टी टिपते आणि केशरच्या मज्जातंतूपर्यंत पोहोचवते. तुम्ही घरात असा की शेतात, फरक पडत नाही. पण आधी तुम्हाला ते जाणवावं लागतं. नुसती शांतता पाठवता येत नाही."

"पावच ना?" द्वारका हसली. "पाव म्हंजी काय! आणा इकडं."

*

केशरची गोळ्यांची गोष्ट तशी लांबलचक नव्हती. सासरच्यांबरोबर ती ऊस तोडायला जायची. पाळीमुळे खाडे पडतात म्हणून पंचविशीच्या आतच एका खासगी दवाखान्यात तिची गर्भपिशवी काढून टाकली. त्यानंतर तिची कंबर आणि ओटीपोट कायमचं दुखायला लागलं. मुकादमाच्या खिशात दुखण्यावरच्या पांढऱ्या गोळ्या असायच्या. सकाळी एक घेतली की मोळी उचलता यायची. मग संध्याकाळीही एक लागायला लागली. पुढे फडात यंत्रं आली, कोयते गेले, मुकादम गेला. गोळी राहिली. नवऱ्याने दुसरी बायको आणली आणि केशरचं गाठोडं दाराबाहेर ठेवलं.

द्वारकाने ते गाठोडं उचलून आपल्या सासरी, चिंचखोरीला आणलं. तिचा नवरा लिंबाजी ऊसतोडणीच्या यंत्रावर ड्रायव्हर होता, हंगामात महिनोन्‌महिने बाहेर. तो नाराज होता, पण बायकोपुढे त्याचं फारसं चालत नसे. मुलगी ईश्वरी एकोणीस वर्षांची, तालुक्याला आयटीआयमध्ये ड्रोन फवारणीचा कोर्स करत होती. घरात जागा होती.

केंद्रात जाण्याआधी द्वारका केशरला रोज एकच गोष्ट सांगायची: "मनावर घे की गं. मनावर घेतल्यावर काय सुटत न्हाई?"

पट्टी बांधल्यावर तिसऱ्या दिवशी द्वारका भाकरी थापत होती आणि तिच्या पोटात काहीतरी ओढलं गेलं. आतून दोर बांधून कुणीतरी हिसका द्यावा तसं. तोंड कोरडं पडलं. तिला काहीतरी हवं होतं, आत्ताच्या आत्ता, आणि काय हवं ते तिला कळेना. तिच्या शरीराने ती गोळी कधी चाखलेलीच नव्हती. तिने गुळाचा डबा उघडला, खडा तोंडात टाकला, थुंकला. मीठ चाखलं. चहाची पूड चाखली. तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली. भाकरी तव्यावर काळी झाली.

मग ती मागच्या अंगणात गेली. केशर भिंतीला टेकून, गुडघे छातीशी आवळून बसली होती.

"केशे, हे काय हाय गं?"

"आलं का तुला?"

"मला काहीतरी पायजे. आन् काय पायजे तेच कळंना."

"मला कळतंय काय पायजे ते," केशर म्हणाली. "तेवढाच फरक."

"आन् हे पावच?"

"पाव."

द्वारका तिच्याशेजारी मातीत बसली. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला. मध्ये एकदा अडखळला आणि मग लांब, सावकाश सुटला. त्याच क्षणी केशरच्या छातीत काहीतरी सैल झालं. गोधडी कुणीतरी खांद्यावर ओढून द्यावी तसं. गोळी हवीच होती, अजूनही हवी होती, पण आता वाट बघता येत होती.

"मनावर घे" हे शब्द द्वारकाने त्यानंतर कधी उच्चारले नाहीत.

*

ते वर्ष बरं गेलं. केशरला गावाबाहेरच्या सोलर पार्कात काचा पुसायचं काम लागलं. ओढ यायची तेव्हा ती फडकं खाली ठेवून काचेच्या सावलीत बसायची, आणि अक्का, म्हणजे द्वारका, तिच्या छातीत यायची. कधी शांत, कधी चिडकी, कधी घाईघाईची. एकदा तर अर्ध्यातच तुटली. संध्याकाळी द्वारका म्हणाली, "दूध उतू चाललं हुतं, काय करू? पळाले." दोघी डोळ्यांत पाणी येईतो हसल्या.

नंतर नंतर ओढ कमी येऊ लागली. द्वारका मात्र थोडी थकल्यासारखी दिसायची. जिना चढताना थांबायची. विचारलं की म्हणायची, "वय झालं आता."

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी ती आठवडी बाजारात वांगी निवडत होती. निवडता निवडता खाली बसली, आणि उठलीच नाही.

डॉक्टर म्हणाले, लहानपणीच्या कुठल्यातरी तापात तिच्या काळजाची एक झडप खराब झाली होती. पट्टी बांधताना केंद्राने छातीचा आलेख काढला होता, पण त्यात ते दिसलं नव्हतं. डॉ. हुंडेकरी स्वतः चिंचखोरीला आल्या. पट्टीतल्या नोंदी बघून त्यांनी लिंबाजीला सांगितलं, की त्या सकाळी केशरला ओढ आलेलीच नव्हती.

"त्या सकाळी न्हाई," लिंबाजी म्हणाला. "आन् त्याच्या आधीचं वरीसभर? त्याचं काय, बाई?"

"ते मला सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

लिंबाजी केशरकडे वळला. "तुझ्या नशेनं खाल्लं तिला," तो म्हणाला. मोठ्याने नाही. मोठ्याने म्हणाला असता तर केशरला सोपं गेलं असतं.

*

दहाव्याच्या आदल्या दिवशी घर बायकांनी भरलेलं होतं. द्वारकाच्या एका म्हाताऱ्या चुलतसासूने मिश्रीची डबी केशरपुढे केली. "घे गं, बोट फिरव दातावर. तेवढंच जिवाला बरं वाटतं."

तंबाखूचा तो वास, भोवतीचं रडणं, नऊ दिवसांचं जागरण. केशरच्या आत ओढ अशी उसळली की तिला समोरचं दिसेना. तिने भिंत धरली. आता कुणी नाही, एवढंच तिच्या मनात आलं. आता हे सगळं माझं एकटीचं.

आणि छातीत काहीतरी सैल झालं.

श्वास. मध्ये एकदा अडखळलेला, मग लांब, सावकाश सुटलेला. खांद्यावर ओढलेली गोधडी.

"अक्का!" केशर किंचाळली.

बायका चपापल्या. कुणीतरी म्हणालं, हिच्या अंगात आलं. कुणी हळद-कुंकू आणायला धावलं. केशर दाराकडे, चुलीकडे, माळ्याकडे बघत होती, आणि तिच्या छातीत तिची मेलेली बहीण संथपणे श्वास घेत होती. बाहेरून लिंबाजी आला. त्याने एकवार तिच्याकडे पाहिलं आणि परत गेला.

दहावा झाल्यावर केशर केंद्रात गेली तेव्हा डॉ. हुंडेकरींनी तिला खुलासा केला. जोडीदार कधी रेंजच्या बाहेर जातो, पट्टी काढून आंघोळ करतो. तेवढ्या वेळापुरता चकतीत एक राखीव ठसा ठेवलेला असतो. जोडीदाराचं सगळ्यात चांगलं वठलेलं एक निवणं यंत्र साठवून ठेवतं, आणि उत्तर आलं नाही की ते वाजवतं. पाच-दहा मिनिटांची सोय. माणूस गेल्यावरही ते चालू राहील, हा विचार कुणी केला नव्हता.

"म्हंजी ती अक्का न्हाई?"

"तिच्या एका दिवसाची छाप आहे, केशर."

"कोणच्या दिवसाची?"

"ते यंत्र ठेवत नाही."

नियमाप्रमाणे जोडी तुटली की चकती बंद करायची असते, असं बाई म्हणाल्या. केशरने त्यांचे पाय धरले. बाईंनी तिला उठवलं. त्यांच्याही डोक्यात हा प्रकार कळल्यापासून काही वेगळं घोळत होतं. त्यांच्या दारातून एकट्या परत गेलेल्या कितीतरी बाया, ज्यांना ना बहीण, ना आई, ना सासू. छाप जर पुरत असेल, तर माणूस कशाला हवं? त्यांनी चकती चालू ठेवली. नवा जोडीदार मिळेपर्यंत, असं कागदावर लिहिलं.

*

छाप पुरत होती. केशर गोळीला शिवली नाही. गावातल्या लोकांनाही नवल वाटलं.

पण ही अक्का रोज तीच होती. ती चिडत नव्हती, घाईत नव्हती, दुधासाठी उठून पळत नव्हती. दर वेळी त्याच जागी श्वास अडखळायचा आणि तेवढाच लांब सुटायचा. काचेच्या सावलीत बसून केशर विचार करायची, कुठल्या दिवशीची असेल ही? सणाचा दिवस असेल? भांडण झालं असेल त्या दिवशी? अक्काच्या मनात तेव्हा काय चाललं असेल? छाती तिची होती. मन कुठेच नव्हतं.

तरीही ती हवी होती.

आणि हळूहळू ओढ येईनाशी झाली. एक आठवडा गेला, दुसरा गेला. उपचार लागू पडला होता. केशर सकाळी उठायची, काचा पुसायची, घरी यायची, आणि तिच्या लक्षात यायचं की आज अक्का आली नाही. काल आली नव्हती. ओढ आली तर अक्का. ओढ नाही, तर अक्काही नाही.

काचा पुसणाऱ्या बायकांतल्या एकीची कंबर धरली होती. तिच्या पिशवीत त्याच पांढऱ्या गोळ्यांचं पाकीट दिसलं. केशरने एक गोळी मागून घेतली.

तिने ती गिळली नाही. काचेच्या सावलीत बसून जिभेच्या टोकावर ठेवली. कडवट चव पसरली आणि सगळं शरीर एखाद्या कुत्र्यासारखं उठून उभं राहिलं. मग अक्का आली. केशर रडली. गोळी थुंकली, पुसली आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. पुढे पुढे ती दुपारच्या सुट्टीची वाट बघायला लागली. भाकरी न खाता सावलीत जाऊन बसायची. गोळी झिजत चालली होती. झिजलेली कुठे जात होती, हे केशरला माहीत होतं. ती स्वतःशी म्हणायची, मी गोळी खात नाही, मी अक्काला भेटते. कधीकाळी ती स्वतःशी असंच म्हणायची: मी नशा करत नाही, मी कंबर शेकते.

*

द्वारकाची गळपट्टी तिच्या लुगड्यांबरोबर पेटीत पडून होती. केंद्राला परत द्यायची होती, पण लिंबाजीने पेटीला हात लावू दिला नव्हता.

त्या दुपारी ईश्वरी कोर्सहून लवकर आली. घरात कुणी नव्हतं. तिने पेटी उघडली. आईचं एक लुगडं नाकाशी धरलं, मग पट्टी हाताला लागली. पट्टीलाही आईचाच वास होता. तिने ती गळ्याला बांधली. यंत्राला कातडीची ऊब मिळाली की ते जागं व्हायचं. ज्याच्या गळ्यात पट्टी, तो जोडीदार. चोरून बांधावी अशी ती वस्तूच नव्हती, त्यामुळे तिला कुलूप कुणी ठेवलं नव्हतं.

त्याच वेळी केशर काचेच्या सावलीत बसली आणि तिने गोळी जिभेवर ठेवली.

ओढ उठली. ती डोळे मिटून थांबली. आता येईल.

आलं ते निराळंच. धडधडणारं, सैरावैरा पळणारं काळीज. श्वास घशातच अडकलेला, वर येईना, खाली जाईना. केशरला वाटलं, ही बाजारातली अक्का आहे. वांग्यांच्या ढिगापुढे खाली बसली तेव्हाची. तो दिवसही आत कुठेतरी साठला होता आणि आज बाहेर आला. ती जागच्या जागी गोठली. मरताना आपण जवळ नव्हतो. आता आहोत, आणि काहीच करता येत नाही.

पण ते थांबेना. मरणारं काळीज थांबलं असतं. हे पळतच होतं, त्यात जोर होता, आणि मध्येच ते हुंदक्यासारखं उसळत होतं. हे कोवळं होतं. हे कुणीतरी जिवंत होतं.

केशरने गोळी थुंकली आणि घराकडे धावत सुटली.

स्वयंपाकघरात ईश्वरी जमिनीवर बसली होती. भोवती गुळाचा, मिठाचा, चहाचा, सगळे डबे उघडे. घामाने केस कपाळाला चिकटलेले. गळ्यात करडी पट्टी.

"काढ ती!" केशर ओरडली. "ईशे, काढ आधी!"

ईश्वरीने पट्टी घट्ट धरून ठेवली. "मावशी, आईला रोज हे व्हायचं?"

केशर तिच्यापुढे बसली. पळाल्याने तिला दम लागला होता, आणि ओढ अजून गेली नव्हती. दोघींच्या छात्या एकदमच खालीवर होत होत्या.

"रोज न्हाई. शेवटी शेवटी लई कमी. आता येतच न्हाई ते. आज..." ती थांबली. "आज मीच बोलावलं."

"कशाला?"

"तुझी आई येती म्हणून."

मग तिने सगळं सांगितलं. ईश्वरी ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी मऊ झाला आणि मग कठीण.

"म्हंजी आई तुझ्यापाशी हाय. इतके दिवस. आन् तू मला सांगितलंसुद्धा न्हाई. मला दे की. मला एकदाच दे."

"देता येत न्हाई गं. ती माझ्या चकतीत हाय. पट्टीत फक्त माझं येतं, तिचं न्हाई."

"माझ्या वाट्याला फक्त हे? ही भूक?"

"व्हय, बाळा."

ईश्वरी उघड्या डब्यांकडे बघत राहिली. चुलीजवळची जागा, जिथे आई बसायची, तिकडेही बघून झालं. हळूहळू तिचा श्वास खाली आला. वेडावाकडा, तुटक, पण आला. आणि केशरच्या छातीत काहीतरी थोडंसं सैल झालं. गोधडी नव्हती ती. कुणीतरी घाबरत घाबरत हात धरावा, तसं होतं.

"मग तेच दे," ईश्वरी म्हणाली. "तिनं जे सोसलं ते तरी माझ्याकडं येऊ दे."

*

लिंबाजी हंगामातून चार दिवसांच्या सुट्टीवर आला तेव्हा ईश्वरीनेच त्याला सांगितलं. त्याचा आवाज गल्लीपर्यंत गेला. "बायको घेतली, आता पोरगीबी पायजे का तिला?"

"मावशीनं मागितलं न्हाई," ईश्वरी म्हणाली. "मावशी न्हाईच म्हणतीया. मी म्हणतीय."

केशर खरंच नाही म्हणत होती. तिने गाठोडंही बांधलं होतं. ईश्वरीने ते सोडलं, पुन्हा बांधलेलं पुन्हा सोडलं, आणि शेवटी तिचा हात धरून तिला केंद्रात घेऊन गेली.

डॉ. हुंडेकरींनी जिभेवरच्या गोळीची हकीकत ऐकली. एकट्या बायांना दुसऱ्या कुणाची छाप बसवून द्यायचा जो प्रस्ताव त्यांनी तयार करायला घेतला होता, तो त्यांनी खणात टाकला आणि खण लावून घेतला. मग त्यांनी ईश्वरीच्या काळजाची तपासणी करायला लावली. आलेख नाही, आतल्या झडपांपर्यंत सगळी. ते झाल्यावरच बोलायला बसल्या. काळीज ठणठणीत होतं.

"एक गोष्ट आधी सांगते," त्या केशरला म्हणाल्या. "ही रोज तुझी जोडीदार राहिली, की यंत्र हिला शिकत जाईल. जुना ठसा त्याखाली झिजेल."

"किती?"

"पूर्ण."

ईश्वरीने मावशीकडे पाहिलं. केशर मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"त्याआधी मी इथे एक नक्कल काढून ठेवू शकते," बाई हळूच म्हणाल्या. "केंद्रात राहील. तुझ्यासाठी."

"ठेवू नका," केशर म्हणाली. "ठेवली तर मी मागायला येईन."

परवा या, असं ठरलं. परवा चकती आणि पट्टी नव्याने जुळवायची.

*

मधल्या दिवशी केशर कामावर गेली नाही. ईश्वरी कोर्सला गेली होती. दुपारी घर सुनं झाल्यावर केशर मागच्या अंगणात भिंतीला टेकून बसली. पदराची गाठ सोडली. आत आणखी एक मागून घेतलेली अख्खी गोळी होती. शेवटचं एकदा, तिने ठरवलं होतं. निरोप घ्यायचा आणि उठायचं.

तिने गोळी जिभेवर ठेवली. कडवट चव पसरली.

ती थांबली.

काही झालं नाही. तिने गोळी गालात फिरवली. फडातल्या सकाळी आठवल्या, मुकादमाचा खिसा आठवला, कंबरेतली जुनी कळ आठवून बघितली. शरीर स्वस्थ बसून होतं, जेवण झालेल्या माणसासारखं. ज्या ओढीपायी तिचा संसार गेला, जिला हाकलायला बहिणीने आपली छाती दिली, ती ओढ आज हाका मारूनही येत नव्हती. केशरने डोळे गच्च मिटले. ये गं, ती पुटपुटत राहिली. एवढ्या बारीला ये. आपण कुणाला बोलावतोय, गोळीला की अक्काला, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

उन्हाची तिरीप भिंतीवरून खाली सरकली. तिने ओली गोळी तळहातावर काढली आणि तिच्याकडे बघत राहिली.

मागच्या दारात लिंबाजी उभा होता. कधीपासून, कोण जाणे. त्याच्या नजरेस गोळी पडली होती. केशर उठायला लागली. आता शिव्या, आता गाठोडं, तिच्या मनात आलं.

लिंबाजी उंबऱ्यावर बसला. तिच्याकडे न बघता, समोरच्या कुडाकडे बघत त्याने विचारलं, "आली का ती?"

केशरला क्षणभर कळेना. मग कळलं.

"न्हाई, दाजी. आज ओढच येईना."

कुडावर एक खार वर गेली, खाली आली.

"मलाबी येत न्हाई आता," लिंबाजी म्हणाला. "मशीनवर बसलो की आधी तिचा आवाज यायचा कानात. आता आठवावा लागतो. आन् आठवला की खरा वाटत न्हाई."

केशर पुन्हा भिंतीला टेकली. दोघांच्या मधे अंगणात दोन सावल्या पडल्या होत्या.

"दाजी, मी खाल्लं का तिला?"

"मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "त्या बाईलाबी म्हाईत न्हाई. कुणालाच कळायचं न्हाई ते आता." मग त्याने विचारलं, "उद्या पोरीला घेऊन चाललीस न्हवं?"

"व्हय. तुमी न्हाई म्हणलात तर..."

"मी येतो संगं. विचारू त्या बाईला, दोन पट्ट्या जोडता येतात का. पाव म्हणती ती. पाव लई होतं एकाला." तो अजूनही कुडाकडेच बघत होता. "ती एकटीनं घेत हुती वरीसभर. मी हितं असून विचारलं न्हाई कधी, कसं वाटतंय म्हणून. पोरीला एकटीला न्हाई देणार मी."



लिंबाजीने हात पुढे केला. तळवा उघडा, यंत्राच्या दांड्यांनी घट्टे पडलेला. केशरने त्यावर ती ओली गोळी ठेवली. त्याने मूठ मिटली आणि ती तशीच मिटलेली ठेवून तो तिथे बसून राहिला.